कन्हानकाठी पाच वॉट

पिशवी खांद्याला अडकवा आणि वसाहतीतून बाहेर पडा. घरात बसून आज काही ऐकू येणार नाही. रेडिओचा सेट लावून पाहिलात तेव्हा कानात नुसता खरखराट होता. शेजारच्यांचा एलईडी दिवा, चार मोबाइलचे चार चार्जर, डोक्यावरून गेलेल्या उच्चदाब वाहिन्या, सगळ्यांनी त्यात आपापली भर घातली होती. खापरखेड्यात हे व्हायचंच. इथल्या वीजघरात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक असे पाच संच आहेत, एकूण १३४० मेगावॉट. तुमच्या पिशवीतला सेट पाच वॉटचा आहे. हे वीजघर पूर्ण क्षमतेने चाललं तर त्यावर असे २६ कोटी ८० लाख सेट एकदम चालतील. तुम्हाला एकच चालवायचा आहे, तोही या विजेवर नाही. पिशवीत यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी आहे, ती पुरेल.

नदीकडे चला. वीजघराच्या चिमण्या पाठीमागे जात राहू द्या. जितकं अंतर वाढेल तितका खरखराट कमी होईल, आणि कमी शक्तीच्या रेडिओत हेच मोठं भांडवल असतं. नोव्हेंबरची संध्याकाळ आहे. कन्हानचं पाणी ओसरून काठाची वाळू उघडी पडली आहे. बाभळीची दोन झाडं वीसेक मीटरच्या अंतराने उभी दिसली की थांबा. तुमचं केंद्र आज इथेच.

बांबू वाळूत रोवा. त्याच्या शेंड्याला टीव्हीच्या केबलचं टोक आहे, आणि त्या टोकापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार. घराच्या फिटिंगला वापरतात तीच, मुद्दाम आणलेली काही नाही. तिच्याखाली पाच-पाच मीटरचे आणखी दोन तुकडे. लांब जोडी चाळीस मीटरच्या म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी, आखूड जोडी चौदा मेगाहर्ट्झसाठी. टोकं नायलॉनच्या दोरीने बाभळींना ताणून बांधा. शेळ्या घेऊन परतणारे एक काका तुमच्याकडे बघत उभे राहतील.

"काय लावून राहिले भाऊ? मासे धरता का?"

"एरियल आहे काका. रेडिओचं."

"मंग गाणे लागते का यावर?"

"गाणे नाही लागत. माणसं लागतात."

काका क्षणभर विचार करतात, मग शेळ्यांमागे जातात. त्यांना खरंच सांगितलंत तुम्ही. हौशी रेडिओवर कार्यक्रम नसतो. या टोकाला एक माणूस, त्या टोकाला दुसरा, आणि मध्ये कुठलीही कंपनी नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही. मध्ये असतं फक्त आकाश. जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेला हवेचा विरळ थर आहे, आयनांबर. लघुलहरी त्यावर आपटून पुन्हा जमिनीकडे येतात, जमिनीवरून पुन्हा वर जातात, आणि अशा उड्या घेत समुद्र ओलांडतात.

पाच वॉटने काय होणार, असं मनात आलं असेल तर हा हिशेब बघा. रेडिओच्या मीटरवर काटा एक घर वर चढायला पाठवणाऱ्याची शक्ती चौपट करावी लागते. म्हणजे शंभर वॉटचा सेट असलेला माणूस तुमच्यापेक्षा वीसपट शक्ती वापरतो, पण ऐकणाऱ्याच्या मीटरवर तो तुमच्या वर फक्त दोन घरं आणि वर किंचित. त्या दोन घरांसाठी त्याला मोठा पॉवर सप्लाय लागतो, जाड केबल लागते, आणि बहुतेक वेळा परदेशी सेट लागतो, ज्याच्या किमतीत इथे बरी सेकंडहँड मोटरसायकल येते. तुमचा बांबू, तार, केबल आणि बॅटरी मिळून दोन-तीन हजारांत आटोपलं. सेट म्हणाल तर चांगल्या स्मार्टफोनहून स्वस्त. जगभरच्या हौशी लोकांनी या खेळाची मर्यादाच ठरवून घेतली आहे: मोर्समध्ये पाच वॉट, आवाजात दहा. याला ते क्यूआरपी म्हणतात. बाराव्या वर्षापासून कोणालाही परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याकडून परवाना मिळतो, आणि परवान्याशिवाय कळ दाबायची नाही हा नियम गंभीरपणे पाळायचा असतो. तुमच्या खिशात तो आहे.

आता हेडफोन लावा आणि नॉबला हात घाला. आज हा नॉब तुम्हाला मागच्या वर्षांत नेणार आहे. अट एकच: तिकडे फक्त ऐकायचं. मोर्सची कळ पिशवीतच राहू द्या.

*

२००३. तुम्ही नदीवर नाही, वसाहतीतल्या एका खोलीत टेबलापाशी बसला आहात. बाहेर अजून छोटी लाइन आहे. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या नॅरोगेज गाडीची शिटी ऐकू येते. वीजघराचे चारच संच आहेत, पाचवा व्हायला बरीच वर्षं आहेत. टेबलावर कोरा कॉपर क्लॅड बोर्ड, सोल्डर गन, आणि कागदावर काढलेली एक सर्किट आकृती. ही आकृती हैदराबादच्या अशहर फरहान यांनी केली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. सेटचं नाव बिटएक्स.

आकृती नीट बघा, कारण तिच्यात एक माणूस तुमच्या खिशाचा विचार करताना दिसतो. ऐकण्यासाठी एक प्रवर्धक आणि पाठवण्यासाठी दुसरा अशी दुहेरी सोय बहुतेक सेटमध्ये असते. इथे तेच टप्पे दोन्ही दिशांनी काम करतात. एका बाजूने व्होल्टेज द्या, संदेश आत येतो. दुसऱ्या बाजूने द्या, बाहेर जातो. सुटे भाग त्यामुळे खूप कमी झाले. आणि जे उरले ते कुठल्याही शहरातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळावेत असेच निवडलेले. नागपूरच्या सिताबर्डीत एक चक्कर मारलीत आणि ट्रान्झिस्टर, डायोड, दहा मेगाहर्ट्झचे क्रिस्टल मिळाले. शेवटच्या टप्प्याला आयआरएफ५१० नावाचा मॉसफेट, जो खरं म्हणजे पॉवर सप्लायच्या कामासाठी बनवलेला. तो इथे सहाएक वॉट देतो.

कॉइलचा प्रश्न मोठा होता. पुस्तकांत ज्या टोरॉइडच्या कड्यांवर कॉइल गुंडाळायला सांगतात त्या परदेशातून मागवाव्या लागायच्या. फरहान यांनी काय सुचवलं असेल? नळाचा वायसर. नायलॉनचा, नळ गळायला लागला की प्लंबर बदलतो तो. तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातून मूठभर वायसर आणले आहेत. मोटार वाइंडिंगवाल्याकडून उरलेली बारीक इनॅमलची तार आणली आहे. आता एक-एक वेढा मोजत गुंडाळा. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका, सारख्या अंतराने वायसरभर पसरा. मोजणी चुकली तर सगळं उलगडायचं. तारेच्या टोकाचं इनॅमल ब्लेडने खरवडा, नाहीतर डाग धरणार नाही.

हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून तुम्हाला इथे जरा जास्त थांबवतो. विकत आणलेल्या सेटमध्ये बिघाड झाला की डबा बंद करून दुरुस्तीला पाठवावा लागतो. हा सेट बिघडला तर कुठे बघायचं ते तुमच्या बोटांना ठाऊक असेल, कारण प्रत्येक डाग तुम्ही दिलेला आहे. छंद स्वस्त आहे तो याही अर्थाने. पैसे एकदाच जातात, ज्ञान मात्र साठत राहतं. नागपुरातल्या किती इंजिनिअरिंगच्या मुलांनी ऑसिलेटर फक्त परीक्षेपुरता पाहिला असेल! इथे तो थंडी-उन्हाने सरकतो, तुमची वारंवारता चळते, आणि तुम्ही कॅपॅसिटर बदलून त्याला जागेवर आणता.

संध्याकाळ होते आणि आसपासच्या गावांत लोडशेडिंग सुरू होतं. वीजघर डोळ्यांसमोर आहे आणि गावं अंधारात. ते दुःख आहेच. पण बॅटरीवर चालणारा तुमचा नवा सेट या क्षणी पहिल्यांदा सुरू होतो. खरखराट नाही. चौदा मेगाहर्ट्झवर कुठलंतरी रशियन बोलणं, तिच्या पलीकडे मोर्सची एक पातळ धार, आणि आणखी दूर कोणी इंग्रजीत हवामान सांगतो आहे. नळाच्या वायसरांतून हे सगळं आलं.

नॉब किंचित पुढे सरकवा. २६ डिसेंबर २००४, रविवार. अंदमानात पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद यांचं पथक हौशी रेडिओ मोहिमेवर आलेलं आहे. अनेक वर्षांनंतर अंदमानातून हौशी केंद्र चालवायला परवानगी मिळाली, म्हणून जगभरचे लोक त्यांच्याशी बोलायला रांग लावून आहेत. सकाळी जमीन हलते, मग समुद्र येतो. बेटांचे टेलिफोन बंद पडतात. छंदाची रांग थांबते आणि त्याच सेटवरून बेटांवरच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीकडे यायला लागतात. तुम्ही ऐकत राहा, मध्ये बोलू नका. अशा वेळी पट्टा मोकळा ठेवणं हेही कामच असतं.

*

आता नॉब बराच मागे. ऑक्टोबर १९५७.

पुन्हा कन्हानचा काठ, पण वीजघराकडे बघा. पाच संच गेले, उंच चिमण्या गेल्या. जुनं छोटं वीजघर आहे. विदर्भ मध्यप्रदेशातून निघून मुंबईच्या द्विभाषिक राज्यात आला त्याला अजून वर्षही झालं नाही. कोजागिरी आहे. वाळू चांदण्यात उजळली आहे, लांब कुठेतरी दूध आटवताना मुलांचा गलका चालला आहे. हेडफोनमध्ये मात्र असं काही आहे की तुम्ही दचकता: काहीच नाही. सेट बंद पडला असं वाटतं. व्हॉल्यूम वाढवता, तेव्हा कळतं की तो सुरू आहे. चार्जर नाहीत, एलईडी नाहीत, उच्चदाब वाहिन्यांचं जाळं नाही. इतका स्वच्छ पट्टा तुम्ही आयुष्यात ऐकलेला नाही. शिवाय सूर्य या वर्षी भलताच जोरात आहे. दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग मोजायला सुरुवात झाल्यापासून इतक्या उंचीचं सौरचक्र नोंदलं गेलेलं नाही. आयनांबर दाट आहे, लांबचे स्वर जवळचे वाटतात.

२०.००५ मेगाहर्ट्झ लावा. थांबा.

बीप. बीप. बीप.

प्रत्येक ठोका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, तेवढाच वेळ गप्प, मग पुन्हा. चार दिवसांपूर्वी, ४ ऑक्टोबरला, सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा धातूचा गोळा, वजन ८३.६ किलो, त्यातलं निम्म्याहून जास्त वजन नुसत्या बॅटरीचं. दर ९६ मिनिटांनी पृथ्वीला एक फेरी. मॉस्कोने त्याच्या दोन्ही वारंवारता जगाला आधीच सांगून ठेवल्या, म्हणजे हौशी माणसांनीसुद्धा ऐकावं आणि नोंदी पाठवाव्यात. इंग्लंडपासून जपानपर्यंत लोक रात्री जागवत आहेत.

आणि त्याच्या प्रेषकाची शक्ती? एक वॉट.

हे पुन्हा वाचा हवं तर. माणसाने बनवलेल्या पहिल्या उपग्रहाचा आवाज एक वॉटचा होता. नंतर १९८८ साली नागपूरजवळच आकाशवाणीचं एक प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं, १५६६ किलोहर्ट्झवर राष्ट्रीय वाहिनीसाठी, १००० किलोवॉटचं. त्याच्या तुलनेत हा आवाज दहा लाखांत एक. पण मध्ये डोंगर नाही, झाड नाही, आणि आज रात्री मध्ये खरखराटही नाही.

कान नीट द्या, बीपचा स्वर बदलतो आहे. उपग्रह तुमच्याकडे येतो तेव्हा स्वर चढा, डोक्यावरून पुढे जातो तसा उतरत जाणारा. सेकंदाला आठ किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या वस्तूचा वेग तुम्ही वाळूवर बसून कानाने मोजता आहात. अमेरिकेत काही तरुण शास्त्रज्ञांनी याच उतरत्या स्वरावरून उपग्रहाची कक्षा काढली, आणि मग उलटा विचार करून उपग्रहावरून जहाजाची जागा काढायची पद्धत शोधली. तुमच्या फोनमधल्या नकाशाची वाट तिथून सुरू होते. तुमच्याकडे त्या रात्री कागद आणि पेन्सिल आहे. वेळ लिहा, स्वर लिहा. पुढची फेरी पश्चिमेला सरकलेली असेल, तरीही या सूर्याच्या कृपेने तो क्षितिजाखाली गेल्यावरही थोडा वेळ ऐकू येईल.

बॅटऱ्या एकवीस-बावीस दिवस टिकतात. दिवाळीनंतर २०.००५ गप्प होतं.

*

आणखी मागे. सप्टेंबर १९४२.

वीजघर नाहीच. ज्वारी उभी आहे, कपाशीला फुलं आली आहेत, पावसाळ्याचा शेवट असल्याने लांबच्या विजा कानात तडतडतात. छोटी लाइन आहे, पण दिवे नाहीत. तुमची पिशवी आज धोकादायक आहे. तीन वर्षांपूर्वी युद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचे सगळे परवाने रद्द केले, सेट जमा करून घेतले. पिशवीतली कळ एकदा दाबलीत तरी तुरुंग. म्हणून अट सांगितली होती.

कंदील घेऊन गावचा कोतवाल येतो.

"कोन हाय तिकडे?"

"पाहुणा आहे मामा. सावनेरले जाऊन राहिलो होतो, गाडी चुकली."

"इथं थांबू नको. शिपाई फिरून राहिले रातचे. चिमूरपासून लय कडक केलं."

कंदील लांब जातो. आता ७.०८० च्या आसपास या. त्या काळचे लोक वारंवारतेपेक्षा तरंगलांबी सांगत: ४२.३४ मीटर. तुमच्या परवान्यात जो चाळीस मीटरचा पट्टा दिला आहे त्याच्याच मधली ही जागा. विजांच्या तडतडीतून एक सूर वर येतो, 'सारे जहाँ से अच्छा', आणि मग तरुण आवाजात निवेदन. काँग्रेस रेडिओ. भारतात कुठूनतरी.

कुठूनतरी म्हणजे मुंबईतून. दर काही दिवसांनी घर बदलत, पोलिसांच्या दिशाशोधक गाड्यांना चुकवत. उषा मेहता बावीस वर्षांच्या आहेत. विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर सोबत आहेत. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने साहित्याची मदत करतात. प्रेषक बांधला नरीमन प्रिंटर यांनी. ते युद्धाआधीचे हौशी रेडिओवाले. सरकारने छंद बंद केला, पण हाताला आलेलं काम कोणाला जमा करता येत नाही.

निवेदक बातम्या देतो. आणि त्या बातम्यांत चिमूर आणि आष्टी येतात.

तुम्ही जिथे बसला आहात तिथून दोन्ही गावं शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. १६ ऑगस्टला तिथे लोक उठले, गोळीबार झाला, काही अधिकारी आणि पोलीस मारले गेले, आणि त्यानंतर गावांवर जे झालं ते वर्तमानपत्रांना छापायची मनाई होती. कोतवालाच्या तोंडून 'लय कडक केलं' एवढंच बाहेर येतं. नागपूरच्या पेठांत लोक कुजबुजतात. तीच बातमी निरोप्यांमार्फत सातशे किलोमीटरवर मुंबईत पोचली, एका भाड्याच्या खोलीतून तारेवर चढली, तीनशे किलोमीटर उंच गेली आणि परत खाली येऊन कन्हानच्या काठावर तुमच्या कानात उतरली. उषा मेहतांनी पुढे या दोन गावांच्या हकीगती आपण सांगितल्याचं आवर्जून नमूद केलं. रस्ता बंद होता, तार बंद होती, छापखाना बंद होता. आकाश बंद करता आलं नाही.

इथे काही वेळ बसा. हा छंद आहे, खेळ आहे, हे मीच सांगितलं. पण छंदात शिकलेल्या गोष्टी कशाला उपयोगी पडतील हे छंद जोपासताना ठरवता येत नाही. प्रिंटर यांनी लघुलहरींचे प्रयोग सुरू केले तेव्हा त्यांनाही चिमूर माहीत नसणार. गोव्याच्या वेशीवर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी जंगलात राहून मुक्तिलढ्याचा रेडिओ चालवला, त्याचं मूळही याच विद्येत आहे.

प्रसारण 'वंदे मातरम्'ने संपतं. १२ नोव्हेंबरला मुंबईत पोलीस दार फोडतील, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा होईल. तुम्हाला ते माहीत आहे आणि सांगता येत नाही. कळ पिशवीत आहे.

*

एक शेवटचा वळसा, आणि तो थोडक्यात. १८ ऑक्टोबर १९२४, शनिवार, दुपार. सूर्य डोक्यावर आहे. छोटी लाइन अजून नवी वाटते. सेट साडेतीन मेगाहर्ट्झच्याही खाली नेऊन ठेवा. काही ऐकू येणार नाही. दिवसा आयनांबराचा खालचा थर या तुलनेने लांब लहरी गिळतो. तरीही थांबा, कारण याच वेळी, लंडनला सकाळ आणि न्यूझीलंडला संध्याकाळ असताना, अठरा वर्षांचा सेसिल गॉयडर आपल्या शाळेतल्या सेटवरून फ्रँक बेल नावाच्या मेंढपाळ शेतकऱ्याशी बोलतो आहे. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकाशी पहिला दुतर्फा बिनतारी संवाद.

त्या दोघांनी वापरलेल्या लहरी व्यावसायिकांनी टाकून दिलेल्या होत्या. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटरहून आखूड लहरींवर ढकललं, कारण त्या निरुपयोगी समजल्या जात. लांब पल्ल्यासाठी लांब लहरी, अवाढव्य मनोरे आणि शेकडो किलोवॉट हवेत, असा पक्का समज होता. पोरांनी टाकाऊ लहरींवर चाळा केला आणि जग जोडलं. तीनच वर्षांत, १९२७ मध्ये, पुण्याजवळ खडकी आणि दौंड इथे लघुलहरींची केंद्रं उभी राहिली आणि हिंदुस्थान-इंग्लंड तारसेवा त्यांवरून सुरू झाली. कमी शक्तीचा आग्रह ही कंजुषी नाही. हा सगळा शोधच त्या आग्रहातून लागला.

*

नॉब सोडा. नोव्हेंबरची तीच संध्याकाळ, साडेसात वाजले आहेत. वीजघराचे दिवे लांबून दिसतात. खरखराट आहे, पण नदीवर तो मीटरच्या दुसऱ्या-तिसऱ्या घरापर्यंतच येतो. आता पिशवीतून कळ काढा.

१४.०६० मेगाहर्ट्झ. कमी शक्तीवाल्यांचा हा ठरलेला कट्टा. आधी पूर्ण मिनिटभर ऐका, कोणी बोलत नाही याची खात्री करा. मग विचारा: जागा रिकामी आहे का? उत्तर नाही. आता हाक द्या.

डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. सीक्यू. कोणीही. आणि मग व्हीयूने सुरू होणारं तुमचं नाव.

काही नाही. पुन्हा. काही नाही. कमी शक्तीवाल्याला हे सवयीचं असायला हवं. ज्याची सहनशक्ती शंभर वॉटवाल्यापेक्षा कमी असेल त्याने शंभर वॉटच घ्यावेत, यात लाज नाही. तुम्ही वारंवारता पाचशे हर्ट्झ सरकवता, वर चढणाऱ्या खरखराटातून बाहेर येता, पुन्हा हाक देता.

कोणीतरी आहे. पातळ, पण सरळ. पूर्ण हाकेतली शेवटची दोन अक्षरं तो चुकीची घेतो. तुम्ही पुन्हा पाठवता, सावकाश. आता बरोबर. एलझेड, म्हणजे बल्गेरिया. साडेपाच हजार किलोमीटरांहून लांब. तो तुम्हाला ५५९ देतो: अक्षरं स्पष्ट, शक्ती मध्यम, सूर स्वच्छ. तुम्ही त्याला ५७९ देता. तुम्ही पाठवता: सेट घरी बांधलेला, शक्ती ५ वॉट, बॅटरी, नदीकाठ.

तो थोडा वेळ गप्प. मग पाठवतो: मीही ५ वर येतो. त्याचा आवाज एकदम खाली जातो आणि तरीही अक्षर न अक्षर कळतं. हा या लोकांचा रिवाज आहे आणि मला तो फार आवडतो. समोरचा कमी शक्तीवर आहे हे कळलं की मोठ्या सेटवाला आपला आवाज त्याच्या बरोबरीला आणतो.

तुम्ही खाली येता. दोन वॉट. एक. "३३९," तो कळवतो, "पण आहेस." मग विचारतो: गाव कुठलं?

रोमन लिपीत अकरा अक्षरं. के, एच, ए, पी… हळू, प्रत्येक अक्षरामागे श्वासभर जागा ठेवत. मध्येच सिग्नल खचतो, त्याला पुढचं निम्मं मिळत नाही. तो प्रश्नचिन्ह पाठवतो. पुन्हा सगळं. आता त्याच्याकडून एक-एक अक्षर परत येतं, तुम्ही वहीत उतरवत जाता, आणि अकरावं अक्षर ए बरोबर पडतं. खापरखेडा, एका वॉटवर, कुठेही न चुकता.

तिथे काय आहे, असं तो विचारतो.

वीजघर, तुम्ही पाठवता. १३४० मेगावॉट.

पलीकडून चार टिंबं, मग दोन टिंबं. हौशी रेडिओवाले असं हसतात. तो पुन्हा एकदा हसतो, भेटल्याचा आनंद कळवतो, आणि त्याने जागा सोडताच मागे थांबलेला कोणी तिसरा माणूस तुमचं नाव घेऊन हाक मारायला लागतो. वहीत नवी ओळ सुरू करा. बॅटरी अजून १२.४ व्होल्ट दाखवते आहे.